झिओलाइट मेम्ब्रेन: चिमणीवर की बायोगॅसवर?

गारगोटी (धागाकर्ता)

घरच्या व्हॉट्सॲप गटावर भाच्याने एक संदेश टाकला. 'सह्याद्रीच्या दगडातलं झिओलाइट आता वीज केंद्रांच्या चिमण्यांवर चाळणीसारखं बसणार, फक्त सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गाळून घेणार, प्रदूषण खल्लास.' खाली सतरा अंगठे. मी उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की गटातून हाकलतील म्हणून इथे आणलं.

दगड खराच आहे. आत्ता माझ्या टेबलावर वाघोलीकडच्या खाणीतला स्टिल्बाइट या झिओलाइटचा तुकडा पडलाय, फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमक असलेला. क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने १७५६ साली असाच खडा तापवला, तेव्हा तो फसफसला. म्हणून नाव पडलं 'उकळणारा दगड', ग्रीकमध्ये झिओलाइट. ते पाणी ज्या पोकळ्यांमधून निघालं, त्याच आपल्या कामाच्या. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा सांगाडा, आणि एका जातीच्या झिओलाइटची भोकं ठरल्या मापाची. चॅबझाइट या जातीच्या सांगाड्यात साधारण ३.८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग). सीओटूचा रेणू ३.३, नायट्रोजनचा ३.६४, मिथेनचा ३.८. म्हणजे सीओटू निसटतो, मिथेन दारातच अडतो. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही.

तक्रार चिमणीबद्दल आहे. मेम्ब्रेनमधून, म्हणजे या गाळणाऱ्या पातळ पडद्यातून, वायू आपल्या मनाने जात नाही, दाबातला फरक त्याला ढकलतो. कोळशाच्या धुरात सीओटू १२ ते १५ टक्के, आणि धुराचा दाब हवेइतकाच, साधारण १ बार. १३ टक्के धरा. म्हणजे सीओटूचा स्वतःचा दाब ०.१३ बार. पलीकडे व्हॅक्यूम पंपाने ०.२ बार राखलात, तर पलीकडच्या वायूत सीओटू ०.१३ भागिले ०.२, म्हणजे ६५ टक्क्यांच्या वर चढूच शकत नाही. मेम्ब्रेन प्रत्यक्ष विश्वकर्म्याने विणलेलं असलं तरी नाही. आणि ६०० मेगावॅटचा एक संच सेकंदाला ५०० घनमीटरच्या आसपास धूर सोडतो. एक, म्हणेपर्यंत दोन टूबीएचके भरले.

आता बायोगॅस बघा. त्यात सीओटू ४० टक्क्यांच्या घरात, गॅस १० बारपर्यंत दाबला की सीओटूचा स्वतःचा दाब ४ बार. पलीकडे साधा हवेइतका दाब असला तरी चालतं, व्हॅक्यूम नको. शिवाय मिथेन दाबाच्याच बाजूला राहतो, जो पुढे दाबून कॅस्केडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या जुडग्यात, भरायचाच असतो. म्हणून माझं मत: चिमणीचा नाद सोडा. झिओलाइट बायोगॅसवर आणि नैसर्गिक वायूच्या विहिरीवर शोभतं.

पडदानशीन

काका, मी याच विषयावर पीएचडी करतेय, त्यामुळे थोडं भांडणार.

एक म्हणजे 'चाळणी' हा शब्दच अर्धवट आहे. एमएफआय जातीच्या झिओलाइटची भोकं साडेपाच अँगस्ट्रॉमची. सीओटू आणि नायट्रोजन दोघंही आरामात आत शिरतात. तरी सीओटूच जास्त पार होतो. का? तो भिंतींना चिकटतो. त्याच्या रेणूत विद्युतभाराची वाटणी नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त असमान आहे, म्हणून पोकळीतल्या जागा तो आधी बळकावतो आणि नायट्रोजनला वाटच उरत नाही. लोकलच्या दारात उभी राहणारी मंडळी आठवा.

दुसरं तुमच्या ६५ टक्क्यांबद्दल. गणित बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा आहे. ती पहिल्या टप्प्याची मर्यादा. पहिल्या टप्प्यातून बाहेर येतो तो मूळ धुराचा पाचवा हिस्सासुद्धा नसतो. तेवढाच दाबून दुसऱ्या टप्प्यात घातला की तिथे सीओटू ६५ टक्क्यांपासून सुरू होतो. आणि सगळ्या चिमण्या कोळशाच्या नसतात. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीच फुटून सीओटू सोडते, तिथल्या धुरात तो २० टक्क्यांच्या वर जातो. भट्टी उद्या विजेवर चालवली तरी चुनखडीतला सीओटू कुठे जाणार? बायोगॅसवर सगळं सोपं आहे म्हणून तिथेच काम करायचं, हे किल्ली अंगणात हरवली आणि उजेड आहे म्हणून ओसरीवर शोधली असं झालं.

गारगोटी

पाचवा हिस्सा मान्य. पण मूळचा सगळा धूर आधी त्या मेम्ब्रेनवरून फिरवायचा आहे ना? त्यासाठी लाखो चौरस मीटर मेम्ब्रेन लागणार. सिमेंटचा मुद्दा मात्र माझ्या डोक्यात नव्हता. तो राहू दे बाजूला, विचार करतो.

भोचक भवानी

मला एक सांगा, धूर म्हटला की त्यात वाफ आलीच. ती काय करते? (गृहिणी आहे, कुकरच्या शिट्टीइतपत अनुभव.)

पडदानशीन

भवानीताई, अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. पाण्याचा रेणू २.६५ अँगस्ट्रॉम, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चिकट. ॲल्युमिनियम जास्त असलेल्या झिओलाइटमध्ये तो आधी जाऊन बसतो आणि सीओटूची वाट बंद. म्हणूनच सिलिका जास्त असलेली एसएसझेड-१३ किंवा डीडीआरसारखी झिओलाइटं घ्यावी लागतात, त्यांना पाण्याची हाव कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही कबूल.

गारगोटी

आणि चिमणीत तर ओला धूर! म्हणजे आधी तो सगळा वाळवा. ५०० घनमीटर, दर सेकंदाला.

डायजेस्टर

मी एका सीबीजी (दाबलेल्या बायोगॅसच्या) प्लांटवर आहे, प्रेसमडवर (उसाच्या रसातून गाळलेल्या चिखलावर) चालतो, साखर कारखान्याला लागूनच. गारगोटी साहेबांनी आमची बाजू घेतली म्हणून बरं वाटलं, पण साहेब, आमच्याकडे झिओलाइट कशाला? आमचं पॉलिमरचं मेम्ब्रेन आहे, शेवयांसारख्या पोकळ तंतूंचे जुडगे नळकांड्यात भरलेले. तीन टप्पे. मिथेन ९० टक्क्यांच्या वर गेला पाहिजे ही अट, ती सहज पाळली जाते. सकाळी रीडिंग बघायचं आणि चहा घ्यायचा.

त्रास वेगळाच असतो. मागच्या पावसाळ्यात रात्री चिलर (गॅस थंड करून त्यातलं पाणी काढणारं यंत्र) बंद पडला, अलार्म वाजलाच नाही, आणि ओला गॅस सरळ मेम्ब्रेनवर. त्याच आठवड्यात एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) पकडणारा कार्बनही संपत आलेला. सकाळी मिथेन ८४ दाखवतोय. कोरडा गॅस फिरवून दोन दिवसांनी आकडा वर आला, पण एक जुडगा गेला तो गेलाच. वायूला सडक्या अंड्याचा वास होता, पोरांनी डबासुद्धा उघडला नाही त्या दिवशी. तर मला सांगा, दगडाचं मेम्ब्रेन अशा रात्री टिकेल का? बाकी कागदावरचं नको.

हिशेबनीस

+१ डायजेस्टर. दोन्ही बाजूंना एकच विचारतो, ही मेम्ब्रेन बाजारात आहेत कुठे? झिओलाइट मेम्ब्रेन कारखान्यात चालतं ते मुख्यतः अल्कोहोलमधलं पाणी काढायला. सोडियम-ए जातीचं, नव्वदच्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये सुरू झालं. म्हणजे पाण्याची जी हाव भवानीताईंनी पकडली, तीच तिथे विकली जाते. सीओटूसाठी म्हणाल तर जपानच्याच एनजीके आणि जेजीसी या कंपन्यांनी डीडीआर मेम्ब्रेन टेक्ससच्या तेलक्षेत्रावर नेऊन चाचणी घेतली. तेलाबरोबर येणाऱ्या गॅसमधून सीओटू काढायचा. काढून करायचं काय? पुन्हा जमिनीत ढकलायचा, आणखी तेल वर यावं म्हणून! हवामान वाचवणारी मंडळी हे कधी सांगत नाहीत.

टेक्ससमध्येच सेल्युलोज ॲसिटेटची मेम्ब्रेन १९८० च्या दशकापासून हेच काम करताहेत. आणि अमीनचा (अमोनियाच्या जातकुळीतल्या रसायनाचा) द्राव वापरून सीओटू धुण्याचं पेटंट १९३० चं. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात १९९६ पासून अमीनने सीओटू वेगळा काढून समुद्रतळाखाली पुरतात, सुरुवातीची बरीच वर्षं वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. जे चालतंय ते चालू द्या की.

पडदानशीन

अमीन फुकट चालत नाही हो. सीओटू पकडलेला द्राव पुन्हा मोकळा करायला तो उकळावा लागतो, टनामागे ३ ते ४ गिगाज्यूल उष्णता. वीज केंद्रात ती वाफ टर्बाइनच्या तोंडचीच पळवायची. मेम्ब्रेनला उकळणं नाही, एवढ्यासाठी तर हा सगळा खटाटोप.

तेल काढण्याबद्दलचा टोमणा रास्त आहे. तिथे ग्राहक आहे, म्हणून चाचणी तिथे. पण तिथे झिओलाइट का नेलं तेही सांगा ना. सीओटूचा दाब वाढला की पॉलिमर तो शोषून फुगतं, सैल पडतं आणि मिथेनही सोडायला लागतं. सिरॅमिकवरचं झिओलाइट फुगत नाही. डायजेस्टरदादा, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच. ओल्या रात्रीनंतर झिओलाइट गरम कोरड्या वायूने वाळवून पुन्हा वापरता येतं. एचटूएससह दोन-दोन वर्षं चालवल्याचं मी पाहिलेलं नाही, तिथे छातीठोक बोलणार नाही.

गारगोटी

मग चालवा की. करणं इतकं अवघड का जातं तेही लिहा, भाच्याला पाठवतो. त्याला वाटतंय खाणीतून दगड काढला, पातळ कापला, लावला.

पडदानशीन

खाणीतला दगड शोकेससाठी! मेम्ब्रेन पूर्ण कृत्रिम असतं. बोटाएवढी जाड, ॲल्युमिनाची पांढरी सच्छिद्र नळी घ्यायची. तिच्यावर झिओलाइटच्या बारीक कणांचं बियाणं चोळायचं. टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (घट्ट बंद दाबपात्रात) झिओलाइटच्या कच्च्या मालाच्या जेलमध्ये बुडवून भट्टीत ठेवायची. एक-दोन दिवसांत बियांपासून स्फटिक वाढतात आणि एकमेकांत गुंफून काही मायक्रॉनचा थर होतो. सांगाडा ज्याच्याभोवती उभा राहतो तो सेंद्रिय रेणू अजून भोकांमध्येच असतो. एसएसझेड-१३ साठी तो ॲडमंटेनपासून बनवलेला, महागडा.

आता नळीला नायट्रोजन लावायचा. काहीही आरपार जाता कामा नये, कारण सगळी भोकं बंद आहेत. गेला तर तडा आहे, नळी कचऱ्यात. नाही गेला तर भट्टीत मिनिटाला अर्धा-एक अंश या वेगाने तापवून तो रेणू जाळायचा. आणि इथेच घात होतो. तापल्यावर ॲल्युमिना पसरतं, झिओलाइट मात्र आकसतं. डोळ्याला नळी पांढरीशुभ्र, काही बिघडलेलं दिसत नाही, आणि गॅस लावला की मिथेन गळतो. माझ्या पहिल्या वर्षी नऊपैकी सात नळ्या अशा गेल्या. हल्ली ओझोन वापरून २०० अंशांच्या आसपासच तो रेणू काढतात, तडे कमी पडतात.

हिशेबनीस

नऊपैकी सात! आणि लाखो चौरस मीटर म्हणे चिमणीवर. माझं बोलणं संपलं.

पडदानशीन

विद्यार्थ्याच्या पहिल्या वर्षाचे आकडे कारखान्याला लावू नका. टेक्ससला नेलेला डीडीआर थर बोटाएवढ्या नळीवर नाही, आतून बारीक वाटाच वाटा असलेल्या सिरॅमिकच्या मोठ्या ठोकळ्यावर आहे. त्यांनी जमवलं म्हणजे जमतं.

गारगोटी

जमतं, पण महाग. तंतूंच्या जुडग्यात घनमीटरमागे हजारो चौरस मीटर मावतात, ठोकळ्यात त्याच्या कितीतरी कमी. शिवाय सिरॅमिकचा आधारच वरच्या झिओलाइटहून महाग पडतो. म्हणून माझं मत थोडं बदलून लिहितो. चिमणीला नाही, यावर ठाम. सिमेंटबद्दल पडदानशीनताईंचं म्हणणं धरून ठेवतो. आणि बायोगॅसबद्दल डायजेस्टरने माझी हवा काढली. जिथे पॉलिमर नीट चालतंय तिथे झिओलाइट लावणं म्हणजे हौस. खरी जागा नैसर्गिक वायूची. ज्या विहिरीतून मिथेनपेक्षा सीओटूच जास्त येतो तिथे. इंडोनेशियाच्या नातुना क्षेत्रात तो ७० टक्क्यांच्या आसपास आहे. दाब तयार आणि पॉलिमर फुगायची भीती.

पडदानशीन

म्हणजे काका, शेवटी झिओलाइट फक्त आणखी गॅस उपसायला? मला नाही पटत. मी सिमेंटवरच राहणार.

डायजेस्टर

ताई, बायोगॅसला इतक्यात काट मारू नका. आमच्या तीन टप्प्यांत तिसऱ्यातून बाहेर पडलेला गॅस फिरवून परत कॉम्प्रेसरला जातो. म्हणजे तोच गॅस दोनदा दाबायचा, आणि विजेचं बिल बघून मालक माझ्याकडे बघतात. तुमचं मेम्ब्रेन एका टप्प्यात काम उरकत असेल तर बिलात फरक पडेल. आमच्याकडे बायपास लाइन आहे, अर्ध्या इंचाची. एक नळी द्या, बसवतो. चिलर बंद पडेल त्या रात्रीचं रीडिंगसुद्धा पाठवतो.

पडदानशीन

व्यनि केलाय. नळी दहा मिलिमीटर व्यासाची आहे, अर्ध्या इंची लाइनला जोड बसेल ना?