खाडीवरच्या फ्लेमिंगोंसाठी सोनीचा ए सेव्हन फोर कॅमेरा घ्यावा, की जुन्या थ्रीवरच मोठी लेन्स लावावी?

ऐरोलीकाठ:
माझ्याकडे ए सेव्हन थ्री आणि १००-४०० मिमीची लेन्स आहे. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की सुट्टीच्या दिवशी मी बोटीत असतो. आता फोर घ्यायचा, की तोच पैसा २००-६०० मध्ये घालायचा? खाडीवर प्रत्यक्ष काय फरक पडतो ते सांगा.

चिखलवाट, सीवूड्स:
लेन्सच घ्या. भरतीला खाडीतला चिखल बुडाला की थवे इकडे डीपीएस तळ्यावर येतात आणि काठापासून लांब उभे राहतात. २४ विरुद्ध ३३ मेगापिक्सेल ऐकायला मोठं वाटतं. रुंदीत मोजा: ६००० आणि ७००८ पिक्सेल. म्हणजे फोटो कापून पक्षी मोठा केला, तरी तुमची ४०० फार तर ४६७ सारखी वागेल. शिवाय चरताना फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो. डोळा नीट दिसतच नाही, तिथे डोळा ओळखणारा फोकस काय कामाचा?

शटरस्पीड, कळवा:
अजिबात पटलं नाही. चरणारा पक्षी थ्रीवरही छान येतो. प्रश्न थवा उठतो तेव्हाचा आहे. थ्रीला २०१९च्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या अपडेटने, प्राण्यांचा डोळा ओळखता आला, पक्ष्यांचा नाही. बोट डुलत असते, पक्षी कांदळवनासमोरून जातो आणि फोकस मागे सरकतो: पिसं मऊ, पानं टोकदार. फोरमध्ये विषय ‘पक्षी’ ठेवा, फोकसची चौकट त्याला धरून राहते. व्ह्यूफाइंडरही सुमारे २३.६ लाख ठिपक्यांवरून ३६.८ लाखांवर गेलाय, हे दुपारच्या झगझगाटात लगेच जाणवतं.

चिखलवाट:
आणि वेग? सेकंदाला १० फ्रेम्स दोघांच्याही. त्यातही फोरवर लॉसलेस रॉ (तपशील न गमावणारी मूळ फाइल) लावलं की साधारण ६ वर येतात.

शटरस्पीड:
फोकस चुकलेल्या दहा फ्रेम्स घेऊन करायचं काय? मला नेमक्या सहा चालतील.

खारघरचा हळदीवाला:
व्हिडिओ करत असाल तर वादच नाही, फोर. थ्री ८ बिट, फोर १० बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा. लग्नातल्या हळदीच्या पिवळ्यावर रंग सुधारायला बसलं की लगेच कळतं. मात्र सेकंदाला ६० फ्रेम्सचा ४के व्हिडिओ क्रॉपमध्येच मिळतो, म्हणजे कडा कापून.

ऐरोलीकाठ:
व्हिडिओ करत नाही. माझे वाया जाणारे फोटो बहुतेक उडतानाचेच असतात. पण २००-६०० बोटीत हातात धरवते का?

चिखलवाट:
धरवते. २ किलोच्या थोडी वर आहे, तुमच्या लेन्सपेक्षा सातशे ग्रॅम जास्त. थवा बसलेला असेपर्यंत खाली मांडीवर ठेवायची.

शटरस्पीड:
आणि बसलेला थवा उठला की तेवढं वजन उचलून चौकटीत पक्षी शोधायचा? ऐरोलीकाठ, तुम्हाला उडतानाचेच फोटो हवेत, तर फोर घ्या. लांबी कमी पडलीच तर १००-४०० ला १.४ चा टेलिकन्व्हर्टर, म्हणजे पोहोच १.४ पट करणारा जोड, लागतो, ५६० मिळतं.

चिखलवाट:
पण एफ ८ वर, म्हणजे लेन्समधून प्रकाश कमी येतो. सकाळच्या पहिल्या फेरीला, उजाडायच्या सुमारास, एफ ८ वर आयएसओ (वाढला की फोटो दाणेदार होतो) कुठे जातो ते आधी पाहा.