'इमेज'ला प्रतिमा म्हणावं का? (इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हसंदर्भात)

परळकर
इथल्या एका रात्रशाळेच्या संगणकांवर आम्ही काही जण डेबियन ही लिनक्सची मोफत प्रणाली बसवतो. शाळेत इंटरनेट नावापुरतंच आहे, त्यामुळे 'नेटइन्स्ट' हा डेबियनचा छोटा इन्स्टॉलर कामाचा नाही. तो मूळ प्रणाली तेवढी बसवतो आणि बाकीचं नेटवरून ओढत राहतो. म्हणून सिंपल-सीडीडी हे साधन वापरून स्वतःची 'कस्टम ऑफलाइन इन्स्टॉलर इमेज' केली, म्हणजे नेट न लागता सगळं बसवणारी एकच आयएसओ फाइल. तिच्यात लिबरऑफिस, लोहित देवनागरी फाँट आणि त्यांना लागणारी बाकीची सगळी पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) आहेत. प्रीसीड फाइलही घातली आहे, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच भरलेली. इमेज व्यवस्थित चालते.

अडलंय ते शिक्षकांसाठीच्या मराठी पत्रकाशी. त्यात 'प्रतिमा पेनड्राइव्हवर ठेवा' असं वाक्य होतं. एका बाईंनी फोटो ठेवावा तशी ती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी केली, आणि मशीन त्यावरून सुरूच होईना. बाईंनी जे वाचलं तेच केलं. 'इमेज'ला नेमका शब्द काय?

गिरगावकर
प्रतिमा नकोच. मराठीत प्रतिमा म्हणजे तसबीर, नाहीतर पुढाऱ्याची जनमानसातली. 'प्रत' म्हणा. माझी नोकरी फोर्टात कोर्टाच्या नक्कल विभागात झाली. तिथे 'खरी नक्कल' असा शिक्का असायचा. आज नक्कल म्हटलं की लोकांना नकलाकार आठवतो, पण त्या शिक्क्यातल्या नकलेत काना-मात्राही इकडचा तिकडे चालत नसे. डिस्क इमेजमध्येही बाइट न बाइट तोच लागतो ना?

मुलुंडकर
हो, पण प्रत कशाची? जुन्या हार्डडिस्कची इमेज काढली तर ती प्रत, हे मान्य. इथे मूळ डिस्क कुठे आहे? पॅकेजं 'पूल' नावाच्या फोल्डरमध्ये गोळा होतात, त्यांची सूची बनते आणि झॉरिसो हा प्रोग्राम थेट आयएसओ फाइल घडवतो. जिला मूळच नाही, तिला प्रत म्हणता येणार नाही. 'साचा' बरा.

गिरगावकर
साच्यातून दुसरी वस्तू निघते. ही तर पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरते. साचाही नव्हे.

दादरकर
आयएसओ हे नावच पाहा. त्याच नावाच्या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं ते ग्रीक 'आयसोस' म्हणजे 'समान' यावरून घेतलं आहे. मग आपण 'समप्रत' का म्हणू नये? छोटा, उच्चाराला सोपा, संस्कृतशी जुळणारा. ऑफलाइनला 'निर्जाल'. लोक हसतील, हसू देत. सावरकरांनी मेयरला 'महापौर' दिला, आज मुंबईच्या पालिकेत दुसरा शब्द सुचत नाही.

मुलुंडकर
व्युत्पत्ती बरोबर, पण इथे ती लागत नाही. फाइलीला आयएसओ म्हणतात ते त्या संस्थेच्या 'आयएसओ ९६६०' या प्रमाणावरून. ते १९८८ सालचं, सीडीवर फाइली कशा मांडायच्या याबद्दलचं. प्रत मुळासारखी असण्याशी त्याचा संबंध नाही. आणि महापौरामागे अख्खी पालिका उभी होती. पाट्या, शपथा, सरकारी कागद. 'समप्रत'मागे कोण आहे? बाई रूफस (आयएसओ पेनड्राइव्हवर उतरवणारा प्रोग्राम) उघडतील तेव्हा समोर 'समप्रत' येणार नाही, आयएसओ येईल. हातातल्या कागदावर आणि पडद्यावर एकच शब्द हवा.

दादरकर
या न्यायानं मराठीत एकही नवा शब्द रुजणार नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठी आहे, ग्राफिकल इन्स्टॉल निवडलं की यादीत दिसते. कुणीतरी बसून त्या ओळी मराठीत लिहिल्या. त्यांनीही 'पडद्यावर इंग्रजीच आहे' म्हणून हात टेकले असते तर?

माहीमकर
नामावर एवढं भांडताय, गोंधळ क्रियापदानं केलाय. 'ठेवा' लिहिलं म्हणून बाईंनी ठेवली. फाइल ठेवली की पेनड्राइव्हवर जुन्या फाइलींशेजारी आणखी एक येते, इतकंच. आयएसओ 'डीडी' या कमांडनं किंवा रूफसनं उतरवली की पेनड्राइव्हची जुनी मांडणीच पुसली जाते आणि मशीन त्यावरून सुरू (बूट) होण्याची सोय तिच्याबरोबर येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात यासाठी वर्षानुवर्षं एकच शब्द आहे: मारणे. सीडी मारली, ओएस मारली, फॉरमॅट मारला. 'आयएसओ पेनड्राइव्हवर मारा' असं लिहा, कुणी नुसती कॉपी करणार नाही.

दादरकर
हे बंबइया हिंदीतून आलंय. शाळेच्या पत्रकात शोभणार नाही. 'उमटवा' म्हणा.

माहीमकर
शिक्का मारणे हिंदीतून आलं? रंग मारणे? आमची आजी कोकणातून कधी बाहेर पडली नाही, तीही गाठ मारायची. 'उमटवा' सुंदर आहे, पण आधीचं सगळं जाईल हे त्यातून कळत नाही.

परळकर
ते 'मारा'तूनही कळत नाही. पुसलं जाण्याची सूचना वेगळी, ठळक द्यावीच लागेल. आणि 'ऑफलाइन'चं काय करू? 'नेटशिवाय' लिहिलं तर वाटतं काहीतरी उणं आहे. इथे उलट सगळं सोबत आहे.

विलेपार्लेकर
मग 'शिदोरी' म्हणा! 'शिदोरीसह इन्स्टॉलर'. वाटेत काही मागावं लागत नाही. माझ्या मते शिदोरी शिध्यावरूनच आली.

गिरगावकर
अहो, शिधा कोरडा. डाळ, तांदूळ, पीठ. घरी नेऊन रांधायचं. शिदोरी म्हणजे रांधलेलं, बांधलेलं. दोन्ही एक कसे होतील?

विलेपार्लेकर
म्हणून तर नेमकं बसतं. सोर्स कोड हा शिधा, कंपाइल करावा, म्हणजे चालण्याजोगा बनवावा लागतो. डेब, म्हणजे डेबियनचं तयार पॅकेज, ही शिदोरी. आणि शिधा 'सिद्ध'वरून आलाय असं मी मानतो, म्हणजे मुळात तोही तयारच होता.

दादरकर
सिद्ध म्हणजे रांधलेलं. सिद्धान्न म्हणतात ते त्यालाच. मग शिधा कच्चा कसा झाला, ते आधी सांगा.

गिरगावकर
पंगतीला न बसणाऱ्याला अन्नाऐवजी शिधा देत. जेवणाचं नाव त्या सामानाला लागलं असेल. आमच्याकडे भिक्षुकाला सुपातून शिधा देत आणि वर दक्षिणा. दक्षिणेशिवाय नुसता दिला तर त्याला वेगळा शब्द होता, तो आठवत नाही. कोकणातल्या कुणाला ठाऊक आहे का?