पेरून आणि पर्जन्य: साम्य कितपत खरे?

पेरून हा प्राचीन स्लाव्ह (रशियन, पोलिश इत्यादी भाषा बोलणाऱ्या) लोकांचा मेघगर्जनेचा देव म्हणजे वेदांमधला पर्जन्यच, असे या चर्चेत एका सदस्याने ठामपणे लिहिले आहे. दोघांचे काम सारखे असल्याने हे समीकरण मोहक वाटते, पण ध्वनिनियम (मूळ भाषेतले ध्वनी पुढच्या भाषांत कसे बदलतात याचे नियम) त्याला पुरती साथ देत नाहीत, कारण ‘पर्जन्य’मधला ज मूळच्या घोष (ग, ज यांसारख्या, कंठात कंप होणाऱ्या) ध्वनीतून आलेला आहे, पेर्कूनास या लिथुआनियन गर्जनादेवाच्या नावात अघोष (कंपाविना उच्चारला जाणारा) क आहे आणि पेरूनमध्ये तर त्या जागी काहीच नाही. म्हणून पेरूनची व्युत्पत्ती स्लाव्ह भाषांमध्येच शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते: ‘पेर्’ या धातूचा (क्रियापदाच्या मूळ रूपाचा) अर्थ हाणणे, त्याला कर्तृवाचक ‘ऊन’ हा प्रत्यय, म्हणजे ‘प्रहार करणारा’. पोलिश भाषेत ‘प्योरून’ हा वीज कोसळण्यासाठीचा रोजचा शब्द आजही आहे.

या चर्चेत न आलेली गंमत अशी की, त्याच धातूपासून स्लाव्ह भाषांत ‘कपडे धुणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले, कारण कपडे बडवूनच धुतले जात. रशियनमध्ये धोबिणीला ‘प्राच्का’ म्हणतात. कीव्हच्या टेकडीवर तिथला राजा व्लादिमीर याने 980 मध्ये चांदीचे डोके आणि सोन्याच्या मिशा असलेली ज्याची मूर्ती उभारली, असे जुनी बखर सांगते, त्या पेरूनचे नाव आणि नदीकाठच्या धोपटण्याचा आवाज, दोन्ही एकाच धातूचे!