आयर्लंडच्या पऱ्या म्हणे निरुपद्रवी!

रानवाट: काल इथे एकाने लिहिलं, 'आयर्लंडच्या पऱ्या गोड, निरुपद्रवी, भीती घालतात ती आपली भुतं.' वाचून डोकं फिरलं. मार्च १८९५, टिपरेरीतलं बॅलिव्हॅडली. ब्रिजेट क्लिअरी आजारी पडली. डॉक्टर आणि पाद्री दोघेही येऊन गेले, तरी नवऱ्याने धरून ठेवलं की खरी ब्रिजेट पऱ्यांनी नेली, ही तिच्या जागी ठेवलेली तोतया. दुधात उकळलेला झाडपाला तिच्या तोंडात कोंबला, 'तू ब्रिजेटच का?' असं पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी जाळलं. वर हा नवरा मायकेल रात्री पऱ्यांच्या गढीवर, म्हणजे पऱ्या राहतात असं मानलेल्या जुन्या गोल गढीवर जाऊन बसला, खरी बायको पांढऱ्या घोड्यावरून येईल म्हणून. गोड म्हणे!

निशिगंधा: एका खुनावरून सगळ्या लोककथा बदनाम करू नका. ब्रिजेट शिवणकाम करून स्वतः कमवायची. तेच खुपलं असणार. पऱ्या निमित्तमात्र.

रानवाट: एकट्या नवऱ्याचा राग असता तर नात्यातल्या भावांनी तिचे हातपाय धरले असते का? बाप घरातच होता. कोर्टाने मनुष्यवध ठरवला, मायकेल १५ वर्षांनी सुटला.

क्लेअरवासी: मी आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात, एनिसला राहते. पऱ्यांच्या त्याच भीतीमुळे इथे बरंच काही टिकूनही राहिलं आहे. इथल्या लाटूनमधलं काटेरी झाड पऱ्यांचं, ते तोडू नका, असं १९९९ मध्ये कथाकार एडी लेनिहान यांनी बजावलं. तिथल्या नव्या बायपास रस्त्याच्या आखणीत ते राखलं गेलं. माझे घरमालक अजून शेतातली जुनी गोल गढी सोडून नांगर फिरवतात.

सडेतोड: रस्ते भीतीवर आखायचे? आमच्याकडे मुंज्याचा पिंपळ वळणावर तसाच ठेवला. त्यावर गाडी आदळून माझा मामा गेला. आणि २००२ मध्ये कुणीतरी लाटूनच्या झाडाच्या फांद्या करवतीने कापल्याच की!

क्लेअरवासी: मामांचं वाईट वाटलं. पण झाड पुन्हा फुटलं, आणि त्याच्यामुळे कुणी मेलेलं नाही. उगाच जोडू नका.

सडेतोड: उगाच? घरातला माणूस गेला की कळेल!

निशिगंधा: जरा दमाने घ्या दोघंही. रानवाट, भावांचा मुद्दा मान्य, तेवढाच. नवऱ्याला मी सोडणार नाही.

रानवाट: सोडा असं मी म्हणालोच नव्हतो. त्या घरात कुणीतरी मध्ये पडायला हवं होतं. कुणीच का पडलं नाही, यावर बोला. झाडावर नंतर भांडा.