मदुराईचा चित्तिरै उत्सव: आईला घेऊन कधी जावं?

मिरजकर: आईला मीनाक्षीचं शिवाशी होणारं लग्न बघायची फार इच्छा आहे. वय बहात्तर, गुडघे दुखतात. उत्सव हनुमान जयंतीला असतो असं कळलं. त्या हिशेबाने तिकिटं काढू का? लग्न आणि अळगरचं, म्हणजे तिथल्या विष्णूचं, वैगै नदीत उतरणं एकाच फेरीत बघून होईल?

वैगैकाठची: आपलं पंचांग बघून तिकिटं काढू नका! चित्तिरै हा सौर महिना, १४ एप्रिलच्या सुमारास सुरू होतो. अळगर नदीत उतरतो तो त्यातल्या पौर्णिमेला, आणि ती कधी आपल्या चैत्रात येते, कधी वैशाखात. २०२४ मध्ये अळगर २३ एप्रिलला, हनुमान जयंतीलाच वैगैत उतरला. २०२५ मध्ये १२ मे, म्हणजे बुद्धपौर्णिमा. लग्न त्याआधी होतं, पण अंतर ठरलेलं नसतं. २०२४ मध्ये दोन दिवस होतं, २०२५ मध्ये चार. देवस्थानाच्या तारखा जाहीर झाल्या की मगच ठरवा.

लग्नासाठी जवळच्या तिरुप्परनकुंड्रमहून मुरुगन (कार्तिकेय) येतो, कन्यादानाला तिथलाच पवळक्कनिवाय पेरुमाळ, म्हणजे विष्णू. देवीच्या गळ्यात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधली की जमलेल्या बायकाही आपल्या तालीचा दोरा बदलतात. मी इथे सून म्हणून आले, त्यामुळे हा क्षण मला अगदी घरचा वाटतो. काकूंना तो जरूर दाखवा. दुसऱ्या दिवशी देवळाभोवतीच्या मासी नावाच्या रस्त्यांवरून रथ निघतात. पूर्वी हे लग्न मासी या तमिळ महिन्यात (फेब्रुवारी-मार्च) व्हायचं. सतराव्या शतकात मदुराईचा राजा तिरुमलै नायक याने ते चित्तिरैत आणून अळगरच्या उत्सवाला जोडलं. म्हणून शैव-वैष्णव दोघांचाही हा सण, आणि आजूबाजूची खेडी शहरात लोटतात ती यामुळेच.

तमिळसून_पुणे: अळगर सोन्याच्या घोड्यावर असतो, गळ्यात श्रीविल्लिपुत्तूरच्या देवळातून आलेली संत आंडाळची माळ. कोणत्या रंगाचं रेशीम नेसून उतरतो याकडे सगळ्यांचे डोळे लागतात. हिरवं असलं की पाऊसपाणी चांगलं, असं माझ्या सासूबाई सांगतात.

मिरजकर: मग पहाटे नदीकाठी आईला न्यावं का?

वैगैकाठची: नको, अजिबात नको. २०२२ मध्ये नदीपात्रातल्या गर्दीत दोन माणसांचा जीव गेला. त्याऐवजी आदल्या दिवशी तल्लाकुळमच्या बाजूला एदिर्सेवै असते, म्हणजे डोंगराकडून येणाऱ्या अळगरला शहर सामोरं जातं. तिथेही गर्दी असते, पण वाटेवर जागोजागी मंडप आहेत आणि प्रत्येक ठिकाणी पालखी थांबते. लवकर जाऊन एखाद्या मंडपाच्या कडेला काकूंना खुर्चीवर बसवा. पिचकाऱ्या घेतलेले भक्त पाणी उडवतात, तेव्हा अंगावर जुनी साडी असू द्या. लग्नाच्या दिवशी देवळात शिरायचा हट्टही नको, देवळाभोवतीच्या चित्तिरै रस्त्यांवर लग्न दाखवणारे मोठे स्क्रीन लावतात. मीनाक्षीचं दर्शन रथाचा दिवस सरल्यावर निवांत घ्या. आणि एप्रिल-मेचं ऊन आहे, राहायची खोली देवळापासून चालत जाता येईल अशीच बघा, आत्तापासून.