होल्बाइनच्या रेखाचित्रांतील दरबारी स्त्रिया: नावे कितपत खरी मानावीत?

दांडियाबाजारकर, वडोदरा
इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारातील स्त्रियांची जर्मन चित्रकार हान्स होल्बाइनने काढलेली रेखाचित्रे सध्या पाहत आहे. बहुतेकांत चेहरा बारकाईने पूर्ण केलेला आहे, वस्त्रे मात्र चार रेषांवर सोडून दिलेली आहेत. आपल्या फत्तेसिंग संग्रहालयातील राजा रविवर्म्याची चित्रे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हे फारच खटकते. ही चित्रे अपुरी राहिली आहेत काय? आणि त्यांवर लिहिलेली नावे विश्वसनीय आहेत काय?

रंगरेषा
अपुरी नव्हेत, तैलचित्रासाठी केलेली ती पूर्वतयारी आहे. राजघराण्यातील स्त्री चित्रकारासमोर फार वेळ बसत नसे. १५३८ मध्ये डेन्मार्कच्या क्रिस्तिनाचे चित्र काढण्यासाठी होल्बाइनला ब्रुसेल्समध्ये जेमतेम तीन तास मिळाले, आणि तेवढ्या बैठकीच्या आधारावर त्याने तिचे पूर्णाकृती तैलचित्र उभे केले, जे आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. म्हणून मिळालेला वेळ तो चेहऱ्यावर खर्च करी आणि कापड व रंग यांच्या नोंदी कागदावरच लिहून ठेवी. १५३२ नंतरच्या इंग्लंडमधील मुक्कामात तो फिकट गुलाबी थर दिलेला कागद वापरू लागला, त्यामुळे त्वचेची छटा आयतीच मिळे. हेन्रीची तिसरी राणी जेन सीमोर हिचे विंडसर राजवाड्याच्या संग्रहातील रेखाचित्र आणि व्हिएन्नातील तैलचित्र शेजारी ठेवून पाहावे; कोणते काम केव्हा झाले, हे चटकन ध्यानात येते.

जुनी बखर
नावांविषयी सावध राहावे. आज दिसणारी अक्षरे अठराव्या शतकातील असून, ती हेन्रीचा मुलगा युवराज एडवर्ड याचा शिक्षक जॉन चीक याने पटवलेल्या ओळखींवरून उतरवली, असे मानले जाते. चीक दरबारात आला १५४४ मध्ये. होल्बाइन त्याच्या आदल्याच वर्षी वारला होता आणि हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन हिचा शिरच्छेद तर १५३६ मध्येच झाला होता. तिचे नाव असलेल्या चित्रातील स्त्री साध्या टोपीत, घरगुती पोशाखात आहे. ती खरोखर राणीच आहे काय, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला स्वतःला नावापेक्षा चिन्हांचा पुरावा अधिक भरवशाचा वाटतो. खार आणि साळुंकीच्या जातीचा पक्षी यांसह रंगवलेली एक अनामिक स्त्री, लव्हेल घराण्याच्या चिन्हातील खारींमुळेच, ॲन लव्हेल असावी असे ठरले.

दांडियाबाजारकर, वडोदरा
आभारी आहे. मग शिरोभूषणावरून काळ ठरवता येईल काय?

जुनी बखर
केवळ त्यावरून नाही. कौलारू छपरासारखे टोकदार इंग्रजी शिरोभूषण आणि मागे सरकलेले गोलसर फ्रेंच शिरोभूषण ही दोन्ही एकाच काळात वापरात होती. कागदावर तो गुलाबी थर आहे की नाही, हे आधी पाहावे.