मनीचा मालक कोण?

पेठकर : ‘मांजराचा परवाना काढणे ज्यांना जड जाते, त्यांनी मांजर पाळूच नये’ हे येथील एका सदस्याचे विधान वाचून राहवले नाही. पुणे महापालिकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये कुत्र्यांप्रमाणे मांजरांनाही परवाना लागू केला, तेव्हाही माझा आक्षेप शुल्काला नव्हता. कुत्रा कोणाचा, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते. आमच्या वाड्यातील मनी मात्र सकाळी समोरच्या काकूंकडे दूध पिते, दुपारी आमच्या कपाटावर झोपते आणि विते तिसऱ्याच बिऱ्हाडाच्या माळ्यावर. अर्जावर मालक म्हणून कोणाचे नाव लिहावे?

हडपसरवासी : विधान माझेच आहे आणि त्यावर मी ठाम आहे. परवान्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, महत्त्व त्याला आहे. माझ्या भाचीला जिन्यातल्या मांजराने ओरबाडले, तेव्हा मी मालकाच्या शोधात चार मजले फिरलो. त्याला रोज मासे घालणाऱ्यांनीही हात वर केले आणि पोरीला सगळी इंजेक्शने घ्यावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्याच हडपसरला एका सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे निघाली, तीही आपल्या मनीसारखी सर्वांची होती काय?

दोन बोक्यांची आई : तीनशे मांजरे निघाली तेव्हा परवान्याचा नियम होऊन दोन वर्षे उलटली होती. ती उघडकीस आली शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे. आमच्या सोसायटीच्या सचिवांना मात्र या नियमाने आयता सोटा मिळाला आहे. बोक्यांची लसपुस्तिका दाखवली तरी ते ‘परवाना नसेल तर मांजरे बाहेर काढा’ असे सुनावतात. प्राणी पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे. ते परिपत्रक दाखवले, तर त्यांनी पार्किंगच्या थकबाकीचा विषय काढला.

हडपसरवासी : सचिवांचा राग नियमावर कशाला? नियम कोणी पाळत नाही म्हणून नियमच नको, हे सिग्नल तोडणाऱ्यांचे तर्कशास्त्र झाले.

पेठकर : सिग्नलला निदान खांब असतो, साहेब, आमची मनी एका जागी थांबत नाही. लसीचे मात्र आपले म्हणणे मान्य करावे लागते, कारण ती गेल्या आठवड्यात माझ्या नातवालाही बोचकारली आहे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात नेले. उद्या मनीला पिशवीत घालून नेतो. तेवढे मालकाच्या रकान्यात आपले नाव घालू का? वाड्यात कोणी तयार नाही आणि आपणास फार काळजी दिसते.